टाळ्यांचं इंग्रजी आणि तारणाचं इंग्रजी

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

स्पष्टच लिहिते, म्हणजे नंतर "मॅडम, तुम्हाला नक्की म्हणायचंय काय?" असं कुणी विचारायला नको. मुलींना इंग्रजी शिकवायचं म्हणून यशस्वी उद्योजिकांची भाषणं दाखवायची, त्यातले वीस-पंचवीस शब्द काढून द्यायचे आणि ते पाठ करून घ्यायचे, असा प्रकार सध्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांत चाललाय. भाषणं उत्तम असतात. बोलणाऱ्या बायका तर थोरच. माझं भांडण आहे ते शब्द निवडणाऱ्यांशी. चाळणीत उरलेला कोंडा तेवढा मुलींच्या पदरात टाकायचा आणि खाली पडलेलं पीठ झटकून द्यायचं, असं हे चाललंय. कोंडा म्हणजे कौतुकाचे शब्द, पीठ म्हणजे पैशाचे. आणि त्या झटकून दिलेल्या शब्दांच्या खालीच उद्या या मुली सह्या करणार आहेत.

मला न ओळखणाऱ्यांसाठी: मी एका सहकारी बँकेत २७ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. आता निवृत्त आहे, कराडला असते. दर शनिवारी वाचनालयात बसून बायकांना त्यांचे बँकेचे कागद वाचून देते. कुणी मंजुरीपत्र घेऊन येतं, कुणी नोटीस. त्यामुळे इंग्रजी शब्द माणसाला कुठे चावतात ते मी जवळून बघितलंय.

आमच्या शेजारची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, क्लास लावलाय, आणि अडलं की वर येते. "काकू, पेट्रनायझिंग म्हणजे काय हो?" तिच्या हातात क्लासनं दिलेला कागद होता. मी आधी भाषण बघितलं, मग कागद बघितला, आणि मग रात्री झोप लागली नाही. अतिशयोक्ती नाही, खरंच नाही लागली.

भाषण होतं स्टेफनी शर्ली यांचं. २०१५ सालचं, टेडच्या मंचावरचं. विषयच मजेशीर: महत्त्वाकांक्षी बायकांची डोकी सपाट का असतात? तर सगळे येऊन "वा गं पोरी" करत डोक्यावर थोपटतात म्हणून! हे थोपटणं म्हणजेच ते पेट्रनायझिंग. आपल्याकडे बँकेत गेलेल्या बाईला "ताई, तुम्ही बसा, साहेबांना पाठवून द्या" म्हणतात ना, तेच.

या बाईंची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १९३९ साली, पाच वर्षांची असताना, नाझींच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू मुलांच्या गाडीतून त्या व्हिएन्नाहून इंग्लंडला आल्या. मोठ्या झाल्यावर संगणकाच्या क्षेत्रात शिरल्या. १९६२ साली घरातल्या जेवणाच्या टेबलावर कंपनी काढली, फ्रीलान्स प्रोग्रामर्स नावाची. लग्न झालं किंवा मूल व्हायचं म्हणून नोकरी सोडलेल्या शिकलेल्या बायकांना त्यांनी कामावर घेतलं, आणि त्याही घरी बसून काम करणार. 'वर्क फ्रॉम होम' म्हणून आपण कोविडमध्ये जे नवलानं बघितलं ते या बायका साठच्या दशकात टेलिफोनवर करत होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच बायकांनी घरात बसून केलं. गिऱ्हाइकांना पाठवलेल्या पत्रांवर 'स्टेफनी' अशी सही असली की उत्तर येत नसे, म्हणून त्यांनी 'स्टीव्ह' अशी सही करायला सुरुवात केली. मग दारं उघडली. २०२५ साली त्या गेल्या.

आता क्लासचा कागद. त्यावर शब्द होते: अ‍ॅम्बिशस, पायोनियर, पेट्रनायझिंग, करेज, पॅशन, इन्स्पायरिंग, रोल मॉडेल, ग्लास सीलिंग, ड्रीम, बिलीव्ह. यातले काही तर भाषणात नाहीतच, क्लासनं पदरचे घातलेत. खाली प्रश्न: "या भाषणातून तुम्हाला काय प्रेरणा मिळाली, पाच वाक्यांत लिहा."

बरं. त्याच भाषणात बाईंनी आणखी काय काय सांगितलंय ते बघा. कंपनी अगदी किरकोळ रकमेवर सुरू झाली आणि पुढे स्वतःचे कष्ट आणि राहत्या घरावर काढलेलं कर्ज यांवर उभी राहिली, हे त्या सांगतात. म्हणजे तारण. त्या काळी नवऱ्याच्या परवानगीशिवाय आपल्याला बँकेत खातंसुद्धा उघडता येत नव्हतं, हे सांगतात. मग घर तारण ठेवताना कागदावर कुणाकुणाच्या सह्या लागल्या असतील, हा प्रश्न माझ्यासारखीच्या डोक्यात लगेच येतो. नफ्यातला वाटा, जॉब शेअरिंग, आणि शेवटी कंपनीचा चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या मालकीचा केला, तोही स्वतःच्या खिशातून, हे सांगतात. त्या हिश्श्यापोटी पुढे सत्तर कर्मचारी कोट्यधीश झाले. १९७५ साली स्त्री-पुरुष समान संधीचा कायदा आला आणि त्या कायद्यानं 'फक्त बायकांनाच घेऊ' हे धोरण बेकायदा ठरलं, म्हणून पुरुषांना आत घ्यावं लागलं, हा किस्सा तर त्या हसत हसत सांगतात.

यातला एक शब्द कागदावर नाही. बॉरोइंग नाही, शेअर नाही, प्रॉफिट नाही, ओनरशिप नाही, लेजिस्लेशन नाही. बी.कॉम.च्या मुलीला! एका बाईनं भर सभेत आपला सगळा हिशोब मांडून दाखवला, आणि आपण मुलींना सांगितलं की त्यातलं 'करेज' तेवढं लिहून घ्या.

शब्द निवडणारा हा कुणी दुष्ट माणूस नसतो, हे मला माहीत आहे. क्लास चालवणारा बिचारा रात्री भाषण बघतो, त्याला जे शब्द 'छान' वाटतात ते काढतो. पण मुलींसाठी छान काय आणि मुलांसाठी छान काय, याचा ठोकताळा त्याच्या डोक्यात आधीच बसलेला असतो. मुलीनं प्रेरणा घ्यावी. पैसे कसे उभे केले ते तिचे 'साहेब' बघतील. म्हणजे ज्या बाईनं डोक्यावर थोपटण्याविरुद्ध सबंध भाषण केलं, त्याच भाषणाचा कागद करून आपण मुलींच्या डोक्यावर थोपटतोय.

तुम्ही म्हणाल, एका शब्दसूचीवरून एवढं काय? सांगते.

माझ्या नोकरीतली गोष्ट आहे. नाव, गाव, साल काहीच सांगत नाही. एक बाई होत्या, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या. महिला दिनाच्या कार्यक्रमात इंग्रजीतून सूत्रसंचालन करायच्या. 'एम्पॉवरमेंट' हा शब्द त्या इतका सुंदर उच्चारायच्या की ऐकत राहावं. त्यांच्या दिरानं धंद्यासाठी एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं. घरी कागद आला. "वहिनी, इथं फक्त एक सही, फॉर्मॅलिटी आहे." वहिनींनी केली. दोन वर्षांनी हप्ते थकले आणि नोटीस आली ती वहिनींच्या नावानं. त्या ती नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. बोटानं एक शब्द दाखवला: को-एक्स्टेन्सिव्ह. म्हणाल्या, "हा शब्द मी कुठल्याच कादंबरीत वाचलेला नाही."

कादंबरीत नसतोच तो. तो १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात असतो, कलम १२८. अर्थ सरळ आहे: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, काठोकाठ. आधी दिराकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या, असं वहिनींना म्हणता येत नाही. संस्थेनं ठरवलं तर ती आधी वहिनींच्याच दारात उभी राहू शकते. आणि राहिली. त्यांच्या नावावर माहेरहून आलेली थोडी जमीन होती, ती वसूल व्हायला सोपी होती. दिराच्या नावावर काहीच नव्हतं. म्हणून तर वहिनींची सही हवी होती.

(जाता जाता: मराठी घरातला सगळ्यात महागडा इंग्रजी शब्द कुठला असं मला विचाराल तर मी 'फॉर्मॅलिटी' म्हणेन. हा शब्द ऐकू आला की मुलींनो, पेन खाली ठेवा.)

गॅरंटर हा शब्द त्या बाईंना येत नव्हता असं नाही हो. येत होता. गॅरंटी म्हणजे हमी, एवढं पाचवीतलं पोरही सांगेल. पण त्या शब्दाला पोटात काय आहे ते कुणी कधी उघडून दाखवलं नव्हतं. शब्द येणं आणि शब्दाचा हिशोब येणं यात माहेरच्या जमिनीएवढा फरक असतो.

आणि हे फक्त कर्जबाजारी दिरांपुरतं नाही. सरकारच्या स्टँड-अप इंडिया योजनेचं बघा. २०१६ साली आली. १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज, प्रत्येक बँकशाखेनं किमान एका महिलेला आणि किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला द्यावं अशी ती आखलेली होती. धंदा भागीदारीचा किंवा कंपनीचा असेल तर ५१ टक्के हिस्सा आणि कंट्रोलिंग स्टेक त्या महिलेचा किंवा त्या व्यक्तीचा हवा, अशी अट होती. उत्तम अट. आता मला सांगा, 'कंट्रोलिंग स्टेक' हे दोन शब्द कुठल्या क्लासच्या कागदावर आहेत? ते न कळलेल्या बाईला घरचे काय सांगतात, "तुझ्या नावावर केलंय, बाईला लवकर मिळतं." ५१ टक्के कागदावर तिचे, आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे. धंदा चालला तर तो चालवणाऱ्याचा, बुडाला तर सही करणारीचा. चेकवर तिची सही असेल आणि तो वटला नाही, तर १८८१ च्या कायद्याचं कलम १३८ तिच्या दारात येतं, ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं 'मला फक्त सही करायला सांगितलं होतं' हे उत्तर कामी येईलच असं नाही.

वरच्या मजल्यावर निराळं चित्र आहे असं समजू नका. २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला हवी असं सांगितलं. मग मुदत संपत आली तशी धावपळ झाली, आणि किती तरी प्रवर्तकांनी घरातल्याच बाईला खुर्चीवर बसवलं. शेवटी सेबीला मोठ्या कंपन्यांसाठी 'स्वतंत्र' महिला संचालक हवी असा वेगळा नियम करावा लागला. त्या 'इंडिपेंडंट' शब्दातच सगळं आलं.

आणि अगदी खालच्या पायरीवर, जिथं भाषणं पोचत नाहीत पण कर्ज पोचतं, तिथं 'जॉइंट लायबिलिटी ग्रुप' आहे. पाच-दहा जणींचा गट, एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. आमच्या भागात किती तरी बाया अशा गटात आहेत. लायबिलिटी म्हणजे काय असं विचारलं तर त्या "गटाचं नाव आहे ते" असं सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांप्रमाणे कर्जाचं कार्ड तिला समजेल त्या भाषेत द्यायला हवं, आणि एकूण व्याज-शुल्क किती ते एका साध्या तक्त्यात दाखवायला हवं. हे मागायचं असतं हेच ठाऊक नसतं. मागायला सुद्धा शब्द लागतो.

आता इथं कुणीतरी कमेंट करणार, "पण मॅडम, आधी आत्मविश्वास हवा, मग बाकीचं. प्रेरणादायी भाषणानं तो येतो." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला उत्तर म्हणून मी एक भाषणच सुचवते. तेही टेडचंच आहे, तेही इंग्रजीतच आहे, आणि आमच्याच सातारा जिल्ह्यातलं आहे. चेतना गाला सिन्हा यांचं, २०१८ सालचं.

म्हसवड. माण तालुका, पावसानं कायम पाठ फिरवलेली. नव्वदच्या दशकात एक बाई चेतनाताईंकडे आली, रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचं काम करणारी. तिला बचत करायची होती, आणि बँका तिचं खातं उघडायला तयार नव्हत्या, कारण रक्कम फारच थोडी. मग या बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला: प्रवर्तक सभासद निरक्षर, अंगठे उठवणाऱ्या, यांना परवाना कसा द्यायचा? चेतनाताईंना रडू आलं असं त्या सांगतात. बायकांना मात्र नाही आलं. त्या म्हणाल्या, वाचायला शिकू की, त्यात काय. दिवसभर राबून रात्री शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या, आणि साहेबांना काय म्हणाल्या? आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांना पण सांगा, कॅल्क्युलेटर न घेता काढा म्हणावं, बघू कुणाचं आधी होतं.

परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता सांगा, या बायकांमध्ये आत्मविश्वास कुठून आला? कुणी त्यांना 'यू कॅन डू इट' म्हटलं होतं? त्यांना मुद्दल, दर, मुदत आणि व्याज येत होतं, तोंडपाठ, बोटांवर. रिझर्व्ह बँकेच्या टेबलाशी उभं राहायला पाय त्यातून मिळाले. मला ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी अंगावर काटा येतो, आणि मी स्वतः बँकवाली आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडची!

पण याही भाषणाचा कागद क्लासवाल्यांनी केला तर त्यावर काय येणार ते मी आत्ताच सांगते. करेज येणार. प्रिन्सिपल, म्हणजे मुद्दल, हा शब्द नाही येणार. आला तर 'शाळेचे मुख्याध्यापक' असा अर्थ लिहून येईल.

दुसरा आक्षेप शेजारच्या मुलीच्या क्लासवाल्या सरांनीच घेतला, मी फोन केला होता त्यांना. सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, हा इंग्रजीचा क्लास आहे, अकाउंट्सचा नाही. आणि हे शब्द फार अवघड आहेत, मुली झोपतील." मी म्हटलं, सर, तुम्ही पेट्रनायझिंग शिकवताय. लोन त्याहून अवघड आहे का? मुली तारण शब्दाला झोपत नाहीत. आमच्याकडच्या मुलीनं आईचं मंगळसूत्र सराफाकडे गहाण पडलेलं पाहिलेलं असतं. मॉर्गेज म्हटलं की तिला चित्र दिसतं. ग्लास सीलिंग म्हटलं की काहीच दिसत नाही, कारण आमच्याकडे सीलिंग पत्र्याचं असतं. (काचेच्या छताची ही उपमा अमेरिकेत मर्लिन लोडन यांनी १९७८ साली एका चर्चेत वापरली, आणि ती खरोखर नेमकी आहे, कंपनीत वरच्या जागांकडे बघणाऱ्या बाईसाठी. पण तिथवर पोचायच्या आधी पगाराच्या स्लिपवरचे सीटीसी, डिडक्शन आणि नोटीस पिरियड हे शब्द लागतात.)

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्या जवळच्याच लोकांचा आहे: मुळात इंग्रजी कशाला? कागद मराठीतच मागा. अगदी बरोबर, मागाच. बँकांनी सामान्य ग्राहकांचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठेवावेत असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलंच आहे. कर्जाच्या कराराची प्रत, सगळ्या जोडपत्रांसकट, कर्जदाराला द्यायची असते, तीही मागा. मी दर शनिवारी हेच सांगते. पण मराठी फॉर्मवर 'सहव्याप्त दायित्व' असं छापून आलं तर ते तरी कुणाला कळणार आहे? भाषा कुठलीही असो, शब्दाच्या पोटात शिरायला कुणीतरी हात धरावा लागतो. आणि मुली इंग्रजीच्या क्लासला जाणार आहेतच, पैसे भरून जाणार आहेत. मग त्या पैशात त्यांना कोंडा का?

आता 'अ‍ॅम्बिशस' या शब्दाविषयी थोडं, कारण सगळ्या कागदांवर तो पहिला असतो. मूळ लॅटिन, अर्थ फिरणं. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे मतं मागत दारोदार फिरायचे, त्या फिरण्यावरून हा शब्द आला. याच मुळातला दुसरा शब्द तर तिकडे निवडणुकीतल्या लाचखोरीच्या गुन्ह्याचं नाव होता. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच थोडा बदनाम, आणि तोही पुरुषांच्या कर्तबगारीमुळे! आपल्याकडे मात्र "तो महत्त्वाकांक्षी आहे" म्हटलं की स्थळ चांगलं, आणि "ती जरा महत्त्वाकांक्षी आहे" म्हटलं की मध्यस्थ आवाज खाली आणतात. त्या 'जरा'त सगळा खेळ असतो. शेरिल सँडबर्ग यांनी २०१० च्या भाषणात अमेरिकेतला एक प्रयोग सांगितलाय: एकाच व्यक्तीची माहिती विद्यार्थ्यांना दिली, अर्ध्यांना हायडी या बाईच्या नावानं, अर्ध्यांना हॉवर्ड या पुरुषाच्या नावानं. दोघं कर्तबगार आहेत हे सगळ्यांना मान्य. पण हॉवर्ड आवडला, हायडी नाही. क्लासमध्ये हे भाषण दाखवतात आणि 'लायकेबल' शब्द शिकवतात. दाखवा की. पण त्याच भाषणात पहिल्या पगाराची बोलणी बायका फारशा करतच नाहीत हे आकडे देऊन सांगितलंय. तिथला 'निगोशिएट' का गाळता? मुलगी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बसेल तेव्हा तिला लायकेबल व्हायचंय की पगार वाढवून घ्यायचाय?

आणि प्रेरणाच हवी असेल तर ती सुद्धा पैशाच्या शब्दांत भरपूर आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. लिज्जत पापड. त्यात जसवंतीबेन पोपट होत्या, २०२१ साली पद्मश्री मिळालेल्या. तिथं पापड लाटणारी बाई मजूर नाही, ती मालकीण, नफ्यातही आणि तोट्यातही. शर्लीबाई ज्याला को-ओनरशिप म्हणतात ते आमच्या बायकांनी त्यांच्या कंपनीच्या तीन वर्षं आधी गिरगावच्या गच्चीवर करून ठेवलं होतं. 'को-ओनरशिप' शिकवायला याहून चांगलं उदाहरण जगात शोधून सापडायचं नाही. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली बंगळुरूच्या गॅरेजमध्ये १०,००० रुपयांवर बायोकॉन सुरू केली, तेव्हा बँका कर्ज द्यायला कचरत होत्या. त्या गोष्टीतलं गॅरेज सगळ्यांना पाठ आहे. बँक का कचरते, हे शिकवा. तारण काय मागते, हमी कुणाची मागते, बाईला 'रिस्क' का समजते. गॅरेज काय, कुणाकडेही असतं.

तर क्लासवाल्या सरांशी बोलणं असं संपलं की त्यांनी त्यांचा कागद द्यावा आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी माझा छापावा. सर हो म्हणालेत. माझ्या बाजूला सध्या बारा शब्द आहेत: लोन, प्रिन्सिपल, इंटरेस्ट, कोलॅटरल, गॅरंटर, को-अ‍ॅप्लिकंट, लायबिलिटी, स्टेक, शेअर, डिव्हिडंड, सिग्नेटरी, निगोशिएट. प्रत्येकापुढे अर्थ, आणि त्याखाली एक ओळ: "या शब्दाखाली सही केली तर माझं काय जाऊ शकतं?" पाच वाक्यांची प्रेरणा नको, ही एक ओळ भरून आणा, एवढाच गृहपाठ. वाचणाऱ्यांपैकी कुणी वकील, सीए, बँकवाले असाल तर आणखी शब्द कमेंटमध्ये टाका. फक्त एक अट: तो शब्द तुम्ही एखाद्या बाईच्या खऱ्या कागदावर स्वतः बघितलेला असावा.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात शर्लीबाईंचं तेच भाषण मोठ्या पडद्यावर लावणार आहोत. पंधरा मिनिटांच्या आत संपतं. नंतर मध्ये मध्ये थांबवून पुन्हा बघू, जिथं जिथं पैशाचा शब्द येईल तिथं. येताना घरातला एक कागद घेऊन या, ज्यावर तुमची किंवा आईची सही आहे पण कशाखाली आहे ते माहीत नाही. नाव आणि खातेक्रमांक झाकून आणलात तरी चालेल. दीर, भाऊ, नवरे आले तर त्यांनाही बसायला जागा आहे, मागच्या बाकावर.